विशबोन ॲश कसे ऐकावे

सत्तरच्या दशकातील इंग्लिश रॉक ऐकणाऱ्या माणसाला लेड झेपेलिन, डीप पर्पल आणि पिंक फ्लॉइड ही नावे सांगावी लागत नाहीत. विशबोन ॲशचे नाव मात्र दोनदा उच्चारावे लागते, आणि दुसऱ्यांदा उच्चारल्यावरही समोरचा माणूस बहुधा केवळ सौजन्याने मान हलवतो. या बँडचे चाहते थोडे असले तरी फार चिवट असतात. विशी-पंचविशीत एकदा जडलेला हा छंद साठीतही सुटत नाही, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. परंतु नव्या माणसाला या संगीतात नेमके कुठून शिरावे हे सांगणारे कोणी भेटत नाही, आणि चुकीच्या दाराने शिरलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो. म्हणून हे टिपण केवळ रस्ता दाखवण्यासाठी लिहिले आहे. कोणता अल्बम आधी घ्यावा, त्यात कशाकडे कान द्यावा, कोणते वर्ष ओलांडून पुढे जावे आणि शेवटी हे संगीत दुसऱ्याला कसे ऐकवावे, एवढाच त्याचा विषय आहे.

प्रथम एक जुजबी माहिती हवी, कारण तिच्यावाचून पुढच्या सूचना कळणार नाहीत. हा बँड १९६९ मध्ये उभा राहिला. बेस वाजवणारा आणि गाणारा मार्टिन टर्नर आणि ड्रम वाजवणारा स्टीव्ह अप्टन हे दोघे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावाकडून लंडनला आले होते. त्यांच्या आधीच्या बँडमध्ये मार्टिनचा भाऊ ग्लेन गिटार वाजवत असे, पण तो घरी परतला आणि गिटारवादकाची जागा रिकामी झाली. व्यवस्थापक माइल्स कोपलंड याच्या मदतीने, म्हणजे ज्याने पुढे पोलीस हा बँड सांभाळला त्याच कोपलंडच्या मदतीने, वादकांची परीक्षा घेण्यात आली आणि अखेरीस अँडी पॉवेल व टेड टर्नर हे दोन तरुण उरले. टेडचे आडनाव टर्नर असले तरी मार्टिनशी त्याचे कोणतेही नाते नव्हते. या दोघांतून एकाची निवड करणे कोणाला जमेना, तेव्हा दोघांनाही ठेवून घेण्यात आले. नावाचीही अशीच गंमत झाली: सुचलेल्या शब्दांच्या दोन याद्या समोर होत्या, त्यांतून मार्टिनने एकेक शब्द उचलला आणि नाव ठरले.

निवड न करण्याचा तो निर्णय हीच या संगीताची किल्ली आहे. त्या काळच्या बहुतेक बँडमध्ये एक गिटार मुख्य असे आणि दुसरी असलीच तर मागे राहून ताल धरीत असे. येथे दोन्ही गिटारी मुख्य होत्या आणि कीबोर्ड मुळीच नव्हता, त्यामुळे जी जागा इतरांकडे ऑर्गन भरून काढीत असे ती भरण्याचे कामही या दोघींवरच आले. विशबोन ॲश ऐकणे म्हणजे या दोन गिटारी वेगवेगळ्या ओळखता येणे आणि मग त्या पुन्हा एकत्र ऐकता येणे होय. बाकीचे सर्व त्यानंतर येते.

येथे मराठी कानाला एक विशेष अडचण येते आणि ती आधीच सांगितलेली बरी. आपला कान एका सुरावटीवर वाढलेला असतो. गायक गातो, पेटी त्याच्या मागून जाते, तबला लय धरतो, आणि लक्ष सतत त्या एका धाग्यावर राहते. जुगलबंदीची सवय असली तरी तिथे दोन कलाकार आळीपाळीने बोलतात, एकाने टाकलेल्या तानेला दुसरा उत्तर देतो. विशबोन ॲशमधील दोन गिटारी पुष्कळदा असे उत्तर-प्रत्युत्तर करीत नाहीत. त्या एकाच वेळी, एकाच चालीने, परंतु दोन वेगळ्या उंचींवरून जातात. आपला कान त्यातली वरची चाल पकडतो आणि खालची चाल ही केवळ आवाजाचा भरीवपणा आहे असे समजून सोडून देतो. मी स्वतः पहिली दोन वर्षे असेच ऐकत होतो आणि इतके साधे वादन लोकांना का आवडते याचे मला नवल वाटत असे.

यावर उपाय सोपा आहे, पण त्याला घरात पेटी किंवा लहानसा कीबोर्ड लागतो. पांढरी एक हा षड्ज धरावा आणि एक बोट सा वर, दुसरे बोट मधली एक पांढरी पट्टी सोडून ग वर ठेवावे. आता दोन्ही बोटे तेवढेच अंतर राखून पांढऱ्या पट्ट्यांवरून वर न्यावीत: सा-ग, मग रे-म, मग ग-प, मग म-ध. कान देऊन ऐकले तर लक्षात येईल की सर्व जोड्या सारख्या वाटत नाहीत. सा आणि ग यांच्यामधील अंतर मोठे आहे आणि रे व म यांच्यामधील अंतर एका श्रुतीने नव्हे तर पुऱ्या अर्ध्या सुराने लहान आहे, म्हणून पहिली जोडी उजळ वाटते आणि दुसरी किंचित उदास. चाल एकच, पण तिच्या पावलागणिक उजेड आणि सावली बदलत जाते. विशबोन ॲशच्या दोन गिटारी जेव्हा जोडीने चालतात तेव्हा त्यांतील गोडव्याचे मर्म पुष्कळदा एवढेच असते. हा प्रयोग चार-पाच दिवस रोज दहा मिनिटे करावा. नंतर कोणतीही साधी चाल घ्यावी, घरातल्या एखाद्या सुरात गाणाऱ्या माणसाला मूळ चाल म्हणायला सांगावी आणि आपण दोन सूर वरून म्हणत जावे. हे जमले की कान तयार झाला असे समजावे, आणि जमले नाही तरी निराश होऊ नये, कारण ऐकण्यासाठी गाता येण्याची अट नाही.

आता अल्बम. चाहत्यांमध्ये याबद्दल फारसा वाद नाही आणि मीही येथे वेगळे सांगणार नाही: सुरुवात 'आर्गस' या तिसऱ्या अल्बमपासून करावी. तो एप्रिल १९७२ मध्ये निघाला, लंडनच्या वेम्ब्ली भागातील डी लेन ली स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, त्याचा निर्माता डेरेक लॉरेन्स होता आणि ध्वनियंत्रणा मार्टिन बर्च याने सांभाळली. बर्चचे नाव लक्षात ठेवावे, कारण तोच डीप पर्पलच्या ध्वनिमुद्रणांवर होता आणि पुढे त्यानेच आयर्न मेडन या मेटल बँडचे अल्बम घडवले. 'आर्गस' इंग्लंडच्या विक्रीयादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता, म्हणजे त्या काळी हा बँड अज्ञात मुळीच नव्हता. विस्मरण नंतर आले, आणि त्याची कारणे पुढे सांगतो.

'आर्गस' मधील सात गाण्यांची एकूण लांबी पाऊण तासाच्या आतबाहेर आहे. ती तीन बैठकींत ऐकावीत, मात्र प्रत्येक बैठकीत सातही ऐकावीत. पहिल्या बैठकीत काहीही शोधू नये, दिवे मंद करून बसावे आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. दुसऱ्या बैठकीत केवळ बेस ऐकावा. ही सूचना विचित्र वाटेल, परंतु मार्टिन टर्नरचा बेस हा या बँडमधील तिसरा गिटारवादकच आहे. तो गिब्सन थंडरबर्ड वाजवत असे आणि मूळ सूर धरून बसण्यापेक्षा स्वतःची चाल रचत असे. 'समटाइम वर्ल्ड' हे गाणे अगदी संथ, जवळजवळ विलापासारखे सुरू होते, मग मध्यावर लय एकदम उचलली जाते आणि तिथे बेस पुढे धावू लागतो. त्या क्षणी गिटारीकडे लक्ष न देता बेसच्या मागे जावे. मला हे गाणे संपूर्ण अल्बममध्ये सर्वांत आवडते आणि ते फारच थोड्यांच्या आवडत्या यादीत असते, याचे मला आजही वाईट वाटते.

तिसऱ्या बैठकीत हेडफोन लावावेत आणि दोन गिटारी शोधाव्यात. जिथे त्या डाव्या आणि उजव्या बाजूला वाटून दिलेल्या आहेत तिथे एका कानावरचा हेडफोन थोडा वेळ बाजूला करून पाहावा, म्हणजे एरवी मिसळून जाणारी चाल एकटी सापडते. त्यानंतर वाद्यांच्या आवाजावरून ओळख पटू लागते. अँडी पॉवेल बाणाच्या टोकासारखी दिसणारी गिब्सन फ्लाइंग व्ही वाजवतो, आणि तिचा आवाज जाड व धारदार असतो. टेड टर्नर फेंडर स्ट्रॅटोकास्टर वाजवत असे. तिचा आवाज पातळ, पाण्यासारखा स्वच्छ आणि किंचित घंटेसारखा असतो. तबला आणि पखवाज यांतला फरक ज्याला डोळे मिटून कळतो त्याला हा फरकही आठवड्याभरात कळेल.

सात गाण्यांपैकी 'टाइम वॉज' हे सर्वांत मोठे, साडेनऊ मिनिटांहून अधिक लांबीचे. त्याचा पहिला भाग साध्या ध्वनिक गिटारीवर जातो आणि अधीर श्रोता इथेच उठतो. त्याने उठू नये. तीनेक मिनिटांनी विजेच्या गिटारी येतात आणि गाणे पळू लागते, आणि तो वेग भावण्यासाठी आधीची संथ तीन मिनिटे आवश्यक आहेत. विलंबितावाचून द्रुताला अर्थ नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 'ब्लोइंग फ्री' हे या बँडचे सर्वांत लोकप्रिय गाणे आहे आणि ते मार्टिनच्या एका स्वीडिश मैत्रिणीच्या आठवणीवर रचलेले आहे. ते इतके प्रसन्न आहे की नवख्या माणसाला पहिल्यांदा तेच ऐकवण्याचा मोह होतो. त्याबद्दल सावधगिरीची सूचना शेवटी देईन. 'द किंग विल कम' दुरून येणाऱ्या सैन्याच्या ढोलासारखे हळूहळू कानावर येते. स्टीव्ह अप्टनचे ड्रमवादन किती हलक्या हाताचे होते हे येथे ध्यानात घ्यावे, कारण त्या काळी बहुतेक ड्रमवादक जोर दाखवण्यात गुंतलेले होते आणि हा माणूस मात्र गिटारींना जागा करून देत होता. 'लीफ अँड स्ट्रीम' छोटे आणि शांत आहे. त्यानंतर 'वॉरियर' आणि 'थ्रो डाउन द स्वोर्ड' ही दोन गाणी एकापाठोपाठ एक येतात आणि ती कधीही वेगळी करून ऐकू नयेत. पहिल्यात तलवार उचललेली आहे, दुसऱ्यात ती टाकून दिलेली आहे. 'थ्रो डाउन द स्वोर्ड' मध्ये ऑर्गनही आहे. तो रेनेसान्स या बँडच्या जॉन टाउट याने पाहुणा म्हणून वाजवला. तो कुठे येतो हे शोधणे हा तिसऱ्या बैठकीतला शेवटचा अभ्यास समजावा. गाण्याच्या अखेरीस दोन गिटारी एकमेकींना न थांबवता, एकमेकींच्या अंगावरून वाहत जातात, आणि त्या दीडेक मिनिटासाठी मी गेली कित्येक वर्षे हा अल्बम पुन्हा पुन्हा लावत आलो आहे.

मुखपृष्ठाबद्दल दोन वाक्ये सांगायला हवीत. पिंक फ्लॉइडची मुखपृष्ठे करणाऱ्या हिप्नोसिस या संस्थेनेच ते केले आणि त्याचे छायाचित्र फ्रान्समधील व्हेर्दोन नदीच्या घळीत घेतले. शिरस्त्राण व झगा घातलेला पहारेकरी आपल्याकडे पाठ करून धुक्यातल्या दरीकडे पाहत उभा आहे, आणि आर्गस हे ग्रीक पुराणातल्या शंभर डोळ्यांच्या पहारेकऱ्याचे नाव आहे. संपूर्ण आवरण उलगडून पाठची बाजू पाहिली तर दूर आकाशात एक उडती तबकडी दिसते. फोनच्या पडद्यावर अंगठ्याएवढे मुखपृष्ठ पाहणाऱ्यांना ही गंमत मिळत नाही, म्हणून शक्य असल्यास जुनी तबकडी निदान एकदा हातात घेऊन पाहावी.

गाण्याच्या आवाजाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण नवा श्रोता येथेच अडखळतो आणि चाहते ही गोष्ट दडवतात. या बँडकडे लेड झेपेलिनचा रॉबर्ट प्लांट किंवा डीप पर्पलचा इयन गिलन यांच्यासारखा गळा नव्हता. मार्टिन, टेड आणि अँडी हे तिघे मिळून गात असत, आवाज मवाळ होते, आणि रंगमंचाच्या मधोमध उभे राहून लोकांना खेचून घेणारा कोणी नव्हता. शब्दही तलवारी, राजे, यात्रेकरू अशा जुन्या काळात रमतात. ज्याला गाण्यात प्रथम माणसाचा आवाज लागतो त्याला हे फिके वाटेल. अशा श्रोत्याने गायनाला आणखी एक वाद्य समजावे. तीन आवाज जेव्हा एकत्र येतात तेव्हा तेही गिटारींसारखेच समांतर चालतात, आणि पेटीवर केलेला तो प्रयोग येथेही उपयोगी पडतो. मी याला दोष मानत नाही, पण बँडच्या विस्मरणाचे हे पहिले कारण आहे हे मी मान्य करतो: जाहिरातीच्या चित्रासाठी लागणारा चेहरा त्यांच्याकडे नव्हता.

'आर्गस' नीट मुरल्यावर, म्हणजे किमान महिन्याभराने, मागे जावे. डिसेंबर १९७० मधील पहिल्या अल्बमचे नाव बँडच्या नावासारखेच आहे आणि त्याचीही एक हकीकत आहे. डीप पर्पलच्या कार्यक्रमाआधी वाजवण्याची संधी मिळाली असताना आवाजाच्या चाचणीच्या वेळी अँडी पॉवेल धाडस करून त्यांचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्या वादनाला साथ देऊ लागला, आणि प्रसन्न झालेल्या ब्लॅकमोरने पुढे डेरेक लॉरेन्सकडे या मुलांची शिफारस केली. या अल्बमवरील 'फिनिक्स' हे साडेदहा मिनिटांचे गाणे ऐकल्याशिवाय पुढे सरकू नये. बाकीचा अल्बम ब्लूजच्या मुळाशी अधिक जवळचा आणि थोडा ओबडधोबड आहे. १९७१ मधील 'पिल्ग्रिमेज' मला त्याहून अधिक रोचक वाटतो. तो जॅझकडे झुकतो, त्याची सुरुवातच ऑर्गनवादक जॅक मॅकडफच्या 'व्हास डिस' या रचनेने होते, आणि त्यात शब्दांऐवजी निरर्थक बोल गायले आहेत. तराणा ऐकणाऱ्याला यात परके काही वाटणार नाही. त्यावरील 'अलोन' आणि 'ललबाय' हे दोन छोटे वाद्यतुकडे रात्री झोपण्यापूर्वी ऐकण्यासारखे आहेत.

मग 'लाइव्ह डेट्स' घ्यावा, १९७३ मधील दोन तबकड्यांचा थेट कार्यक्रमांचा संच. येथे एक अभ्यास सुचवतो. 'थ्रो डाउन द स्वोर्ड' आधी 'आर्गस' वरून आणि लगेच 'लाइव्ह डेट्स' वरून ऐकावे, आणि काय बदलले ते कागदावर लिहून काढावे. स्टुडिओत हवे तितके थर चढवता येतात, रंगमंचावर चारच माणसे आणि आठच हात असतात. काय गळाले आणि काय बळकट झाले हे पाहिले म्हणजे मूळ रचना कोणत्या हाडांवर उभी आहे ते कळते. 'फिनिक्स' येथे सुमारे सतरा मिनिटे चालते. ज्याला ती लांबण वाटेल त्याने ती खुशाल सोडावी, यात कमीपणा नाही.

त्याच वर्षीचा 'विशबोन फोर' हा अल्बम 'आर्गस' नंतर लगेच ऐकणाऱ्याला निराश करतो, म्हणून मी तो मुद्दाम मागे ठेवला आहे. या वेळी निर्माता बाजूला झाला आणि बँडने स्वतःच निर्मिती केली, तलवारी म्यान झाल्या, गाणी साधी झाली. परंतु 'बॅलड ऑफ द बीकन' आणि 'एव्हरीबडी नीड्स अ फ्रेंड' ही दोन गाणी कोणत्याही चाहत्याने गमावू नयेत. दुसरे तर मी आजारी मित्रांना पाठवण्यासाठी राखून ठेवले आहे.

१९७४ मध्ये टेड टर्नर बँड सोडून गेला. त्याआधी जॉन लेननच्या 'इमॅजिन' या अल्बमवरही त्याने गिटार वाजवली होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच्या जागी होम या बँडमधला लॉरी वाइजफील्ड आला, आणि येथे नव्या श्रोत्याला पुन्हा कान तयार करावा लागतो, कारण लॉरीचे वादन टेडपेक्षा चपळ आणि अमेरिकी वळणाचे आहे. याच वर्षी मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत, ईगल्सचे अल्बम करणाऱ्या बिल शिमझिकच्या हाताखाली 'देअर्स द रब' तयार झाला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधील शब्दांवर कोटी करणाऱ्या या नावाच्या मुखपृष्ठावर क्रिकेटचा चेंडू पांढऱ्या पाटलोणीवर घासल्यामुळे पडलेला लाल डाग दाखवला आहे. अमेरिकी गिऱ्हाइकाला तो विनोद कितपत उमगला असेल देव जाणे, आपल्याला मात्र तो गल्लीतल्या कोणत्याही पोराकडून समजून घेता येईल. या अल्बमवरील 'पर्सेफनी' पहिल्यांदा ऐकावे आणि अखेरीस येणारे 'एफ. यू. बी. बी.' हे साडेनऊ मिनिटांचे केवळ वाद्यांचे काम त्यानंतर, शांत वेळ पाहून ऐकावे. माझ्या मते 'आर्गस' च्या शेजारी बसण्याची योग्यता याच अल्बमची आहे. जाणत्या चाहत्यांपैकी निम्मे यावर माझ्याशी भांडतील.

यानंतरची वर्षे मी भरभर ओलांडतो. बँड अमेरिकेत राहायला गेला, 'लॉक्ड इन' मध्ये नामवंत निर्माता टॉम डाउड असूनही धार बोथट झाली, 'न्यू इंग्लंड' मध्ये ती बरीच परत आली, आणि तोवर इंग्लंडमध्ये पंकचे वारे सुटले होते, ज्या वाऱ्यात लांब गाणी आणि पहारेकऱ्यांचे झगे एकदम जुनाट दिसू लागले. १९८० चा 'जस्ट टेस्टिंग' मात्र थांबून ऐकावा. त्यातील 'लिव्हिंग प्रूफ' हे या काळातले सर्वोत्तम गाणे आहे. त्याच वर्षी मार्टिन टर्नरही गेला. त्याच्या जागी एका अल्बमपुरता किंग क्रिमसनचा जॉन वेटन आला, तो एशिया हा बँड उभारण्यासाठी निघून गेल्यावर युराया हीपमधला ट्रेव्हर बोल्डर आला. जिज्ञासूंनी हे अल्बम ऐकावेत, नव्यांनी त्यांत वेळ घालवू नये. १९८७ मध्ये माइल्स कोपलंडने मूळ चौघांना पुन्हा एकत्र आणून 'नूव्हो कॉल्स' हा केवळ वाद्यसंगीताचा अल्बम काढला. एकत्र आलेले चौघे पाहण्याचा आनंद त्यात आहे, त्या दशकाच्या यांत्रिक आवाजाचा दुष्परिणामही आहे.

येथून पुढे माणसे इतक्या वेळा बदलली की चाहत्याने व्यवहारी शिस्त पाळणे आवश्यक होते. तिकीट किंवा अल्बम घेण्यापूर्वी कोण वाजवत आहे हे पाहावे. अँडी पॉवेल हा एकटाच मूळ सदस्य पहिल्यापासून आजवर विशबोन ॲश या नावाने वाजवत आला आहे. मार्टिन टर्नरने नंतर स्वतःचा वेगळा बँड काढून तीच जुनी गाणी वाजवली, नावाच्या वापरावरून दोघांमध्ये वाद झाला आणि २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने पॉवेलच्या बाजूने निकाल दिला. या भांडणात चाहत्याने पक्ष घेऊ नये असे माझे मत आहे. दोघांनीही आत्मचरित्रे लिहिली आहेत, ती दोन्ही वाचावीत आणि एकच घटना दोन घरांतून कशी वेगळी दिसते ते पाहावे. अलीकडच्या कामापैकी २०११ चा 'एलिगंट स्टेल्थ' आणि २०२० चा 'कोट ऑफ आर्म्स' ऐकण्यास मी निःसंकोच सांगेन. पॉवेलच्या जोडीला आता दुसरे गिटारवादक आहेत, पण दोन गिटारींची चाल कायम आहे.

'आर्गस' विकत घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. २००२ मध्ये निघालेल्या आवृत्तीत मूळ ध्वनिफितींवरून मार्टिन टर्नरने नव्याने मिश्रण केले आहे. २००७ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत मूळ मिश्रणच स्वच्छ करून दिले आहे. नव्या मिश्रणात काही वाद्ये अधिक ठळक ऐकू येतात, परंतु त्यांचे परस्परांतले प्रमाण बदलते, आणि ज्याने मूळ अल्बम मनात बसवलेला नाही त्याने बदललेल्या प्रमाणापासून सुरुवात करणे योग्य नाही. स्ट्रीमिंगवर या दोन्ही आवृत्त्या सारख्याच मुखपृष्ठाखाली मिळू शकतात, म्हणून पुढे जोडलेली थेट गाणी आणि वर्ष पाहून निवड करावी. मुंबईच्या चोर बाजारात किंवा अन्यत्र जुनी तबकडी मिळाली तर ती उजेडाशी तिरकी धरून ओरखडे पाहावेत, आणि विशेषतः दुसऱ्या बाजूचा शेवटचा भाग पाहावा, कारण आतल्या वर्तुळांत आवाज आधीच फाटण्याची शक्यता असते आणि 'थ्रो डाउन द स्वोर्ड' नेमके तिथेच आहे. मी एकदा घाईने विकत घेतलेल्या तबकडीत सहा गाणी उत्तम होती आणि सातव्याच्या जागी भजी तळल्याचा आवाज येत होता.

आता दुसऱ्याला हे संगीत ऐकवण्याविषयी. आयुष्यभराच्या चाहत्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे अन्यायाची कैफियत आधी मांडणे. समोरच्याने अजून एकही सूर ऐकलेला नसताना, जगाने या बँडची कशी उपेक्षा केली हे अर्धा तास सांगितले तर तो गाणे कर्तव्य म्हणून ऐकतो. दुसरी चूक म्हणजे अतिशयोक्ती. दोन मुख्य गिटारींचा प्रकार यांनीच शोधला असे अनेक चाहते सांगतात, ते खरे नाही. अमेरिकेत ऑलमन ब्रदर्स बँडचा पहिला अल्बम १९६९ मध्येच आला होता आणि त्यात दोन गिटारी जोडीने चालत होत्या. विशबोन ॲशने त्या चालीला इंग्लिश लोकसंगीताचे आणि धुकट वातावरणाचे वळण दिले, आणि थिन लिझी व आयर्न मेडन यांच्या गिटारजोड्यांमध्ये ते वळण ऐकू येते, एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि ते टिकते. आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसने हा प्रभाव स्वतः मान्य केलेला आहे. समोरचा माणूस मेडनचा भक्त असेल तर ही गोष्ट त्याला सांगावी, पण गाणे संपल्यावर.

कोणते गाणे निवडावे हे माणसावर अवलंबून आहे. 'ब्लोइंग फ्री' सर्वांना आवडते आणि तेच त्याचे वैगुण्य आहे, कारण ते ऐकून माणूस छान आहे म्हणतो आणि पुढचे मागत नाही. मेटल ऐकणाऱ्याला 'द किंग विल कम' द्यावे, जॅझ ऐकणाऱ्याला 'व्हास डिस', ज्याचा कान शास्त्रीय संगीतावर तयार झाला आहे त्याला 'समटाइम वर्ल्ड', आणि ज्याला केवळ गाण्याचे शब्द व सूर हवेत त्याला 'एव्हरीबडी नीड्स अ फ्रेंड'. गाणे दुव्याने पाठवू नये. दुव्यावर टिचकी मारली जाते आणि पंधराव्या सेकंदाला दुसरा संदेश येतो. घरी बोलवावे, चहा आधी द्यावा, कप उचलले गेल्यावर सुई ठेवावी किंवा बटण दाबावे.

आणि गाणे चालू असताना बोलू नये. हे सांगायला सोपे आणि पाळायला फार कठीण आहे, कारण आता दुसरी गिटार येईल, आता ऐक, असे शब्द ओठांवर येतात आणि हात आपोआप हवेत उठतो. दुसरी गिटार आली हे त्याला स्वतःला कळले तर तो मान वर करून आपल्याकडे पाहील. नाही पाहिले तर गाणे संपू द्यावे, चहाचा दुसरा कप विचारावा आणि विषय बदलावा. काही महिन्यांनी दुसरे गाणे लावून पाहावे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला मी या पद्धतीने चार वर्षांत पाच गाणी ऐकवली आणि त्याने पाचही वेळा काहीच म्हटले नाही. मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला आणि कोणतेही प्रास्ताविक न करता त्याने विचारले की 'वॉरियर' संपल्यावर जे गाणे लागते त्यात मागे ऑर्गन आहे की तो मला भास झाला.